लोणारचा चिखल कोणाचा?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक उल्केच्या आघाताविषयी, दुसरे लवणासुराच्या वधाविषयी. विवराचे वय पन्नास हजार वर्षे की पाच लाख सत्तर हजार वर्षे, हा शास्त्रज्ञांमधील वाद आणि दैत्यसूदनाच्या मंदिराचे शिल्पवैभव हे दोन्ही विषय थोर आहेत, यात शंका नाही. परंतु कमळजादेवीच्या देवळाकडे जाताना काठावरचा जो काळपट चिखल पायाला लागतो, ज्याच्या वासाने प्रवासी नाकाला रुमाल लावतात आणि जो बोटांत चोळला असता साबणासारखा बुळबुळीत लागतो, त्याच्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखाचा विषय तो चिखल आहे. अधिक नेमके सांगायचे तर, त्या चिखलात सुखाने नांदणारे जिवाणू आणि त्यांच्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न.

या चिखलाला किंमत आहे ही गोष्ट नवी नव्हे. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो. तेथे काच आणि साबण करण्यास लागणारे पदार्थ मिळतात आणि त्यावरील करातून सरकारला चांगले उत्पन्न होते, अशी नोंद अबुल फजलने करून ठेवली आहे. सरोवराचे पाणी आटले म्हणजे काठावर जो थर जमे त्याचे प्रतीनुसार प्रकार पाडलेले होते. दल्ला, खुप्पल, पापडी ही त्यांची नावे. पुढे कारखान्यात तयार झालेला सोडा बाजारात आला आणि लोणारच्या सोड्याला गिऱ्हाईक उरले नाही. गावाने आणि सरकारनेही मग समजूत करून घेतली की या खाऱ्या डबक्यातून जे मिळायचे होते ते मिळून गेले.

ही समजूत चुकीची ठरली आहे. साबणाचा आणि अशा चिखलाचा संबंध चारशे वर्षांनी पुन्हा जुळला आहे. मात्र आता तो चिखलातील क्षारांमुळे नसून त्या क्षारांत राहणाऱ्या जिवांमुळे आहे.

थोडे रसायनशास्त्र येथे अपरिहार्य आहे. पाण्याचा आम्लपणा किंवा अल्कलीपणा ज्या मापाने मोजतात त्यास सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास नोंदला गेला आहे. तीनच अंकांचा हा फरक वाटतो तितका लहान नव्हे, कारण या मापात प्रत्येक अंक म्हणजे दहा पट. लोणारचे पाणी शुद्ध पाण्याहून हजार पटींनी अधिक अल्कलीयुक्त आहे. धुण्याचा सोडा टाकलेल्या बादलीइतके, असे म्हटले तरी चालेल. विवराला बाहेर जाणारा प्रवाह नाही. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी आत येते, उन्हाने उडून जाते आणि कार्बोनेटे व मीठ मागे राहते. हजारो वर्षे हा व्यवहार चालू आहे. अशा पाण्यात मासा जगत नाही, म्हणून ते मृत आहे असे मानण्याची आपल्याला सवय लागली.

वस्तुतः ते अत्यंत जिवंत आहे. सरोवराचा हिरवा रंग सूक्ष्म नीलहरित जिवाणूंचा असतो. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी नाना तर्क केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून हा रंग मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचे सांगितले. (हे सूक्ष्मजीव काटेकोरपणे पाहता जिवाणू नव्हेत, आर्किया नावाच्या निराळ्या कुळातील आहेत. पण तो भेद येथे बाजूला ठेवू.) पाणी आटून खारटपणा वाढला, त्यांना सुगीचे दिवस आले, पाऊस पडला, ते मागे हटले. मृत पाण्याचा रंग असा बदलत नाही.

या जिवांची जगण्याची तऱ्हा मोठी चमत्कारिक आहे आणि तिच्यातच त्यांच्या उपयोगाचे मर्म आहे. बाहेर सामू साडेदहा असला तरी क्षारप्रिय जिवाणूच्या पेशीच्या आत तो आठ-साडेआठाच्या वर जात नाही. पेशीच्या पटलात बसविलेले पंप सोडियमचे कण बाहेर फेकतात आणि त्याच्या बदल्यात हायड्रोजनचे कण आत ओढून घेतात; भोवताली पेटलेल्या उन्हाळ्यात घराच्या आत ओलावा राखावा तसे हे आहे. परंतु अन्न तर बाहेरच आहे. चिखलातील मेलेल्या जिवांची प्रथिने, पालापाचोळ्यातील सेल्युलोज आणि पिष्ट हे पदार्थ पेशीत मावत नाहीत. ते बाहेरच तोडून, त्यांचे लहान तुकडे करून आत घ्यावे लागतात. त्यासाठी जिवाणू विकरे, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो ती, पेशीबाहेर सोडतो. आतील विकरांना पंपांचे संरक्षण आहे. बाहेर पाठविलेल्या विकरांना ते नाही. त्यांना त्या जळजळीत अल्कलीतच काम करावे लागते आणि लाखो वर्षांच्या निवडीतून तशीच टिकाऊ विकरे शिल्लक राहिली आहेत.

धुण्याच्या पावडरीचे पाणीही असेच अल्कलीयुक्त असते. कपड्यावरचा रक्ताचा, दुधाचा, घामाचा डाग म्हणजे प्रथिनाचा डाग. तो तोडणारे विकर सर्वसाधारण असेल तर सोड्याच्या पाण्यात ते स्वतःच निकामी होईल. सोडा सरोवराच्या किंवा चोपण जमिनीच्या जिवाणूचे विकर त्या पाण्यात आपल्या घरीच असते.

ही गोष्ट शास्त्रीय जगाच्या ध्यानात आणून देण्याचे श्रेय प्रामुख्याने कोकी होरिकोशी या जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाकडे जाते. १९६८ साली त्यांनी एक टक्का धुण्याचा सोडा घातलेले पोषक द्रावण तयार केले, रिकेन या संस्थेच्या आवारातील निरनिराळ्या जागची चिमूट-चिमूट माती तीस पात्रांत टाकली आणि रात्रभर ठेवून दिली. सकाळी तिसांपैकी प्रत्येक पात्रात जिवाणूंची वाढ झालेली होती. तोवर कोणी असे द्रावण घेऊन मातीकडे फारसे गेलेच नव्हते! येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ती माती कोणत्याही सोडा सरोवराची नव्हती. साध्या आवारातील होती. म्हणजे क्षारप्रिय जिवाणू थोडेफार सर्वत्र आहेत. सोडा सरोवरात ते बहुसंख्य आहेत आणि तेथील स्पर्धेत तावूनसुलाखून निघालेले आहेत, एवढाच फरक. पण उद्योगाच्या दृष्टीने तोच फरक मोलाचा ठरतो.

पुढे जे घडले त्याचा विस्तार येथे नको. जपानमधील काओ कंपनीने १९८७ साली मातीतून मिळविलेल्या एका क्षारप्रिय जिवाणूचे सेल्युलेज घालून कपडे धुण्याची नवी पावडर बाजारात आणली आणि तिला मोठे यश मिळाले. पिष्टापासून सायक्लोडेक्स्ट्रिन हा पदार्थ स्वस्तात करता येऊ लागला. सुवास आणि औषधे धरून ठेवण्यासाठी तो वापरतात. इजिप्तमधील वादी नत्रून या सोडा सरोवरांच्या खोऱ्यातील जिवाणूत १९८५ साली एक्टोइन नावाचे द्रव्य सापडले. खाऱ्या परिस्थितीत पेशीतील पाणी धरून ठेवणारे हे द्रव्य आज त्वचेच्या मलमांत घातले जाते. कातडी कमावताना केस काढण्यासाठी चुना आणि सल्फाइड वापरतात. त्या घातक सांडपाण्याऐवजी प्रथिन तोडणारे विकर वापरावे यासाठी चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने दीर्घकाळ काम केले आहे. कागदाच्या लगद्यातील क्लोरीन कमी करणे, जुन्या क्ष-किरण फिल्मवरील जिलेटिन काढून चांदी परत मिळविणे, असे किती तरी उपयोग सांगता येतील.

एका उपयोगाविषयी मात्र सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. सांगली-कोल्हापूरकडे उसाला बेसुमार पाणी देऊन चोपण झालेल्या जमिनी आहेत, पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. मीठ सोसणारे काही जिवाणू मुळांभोवती राहून पिकाला अशा जमिनीत तग धरण्यास साहाय्य करतात, हे खरे आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने अशी जिवाणू खते तयारही केली आहेत. परंतु चोपण जमीन सुधारते ती जिप्सम टाकून आणि चर काढून पाण्याचा निचरा केल्याने. जिवाणू त्या कामात मदतनीस आहेत. चार बाटल्या शिंपडल्या की जमीन पूर्ववत होईल, असे बांधावर येऊन सांगणाऱ्या विक्रेत्यास शेतकऱ्याने निचऱ्याचे काय ते आधी विचारावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लोणारसारखीच सोडा सरोवरे पूर्व आफ्रिकेत, केनियाच्या रिफ्ट दरीत आहेत. बोगोरिया आणि नाकुरू ही त्यांपैकी प्रसिद्ध नावे. लक्षावधी रोहित पक्ष्यांची छायाचित्रे आपण पाहिलेली असतात ती तेथलीच. १९९२ च्या सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञांनी या सरोवरांतून नमुने नेले. त्यांतील जिवाणूंपासून जेनेनकोर या अमेरिकी कंपनीने सेल्युलेज तयार केले. जीन्सच्या कापडाला विटका, वापरल्यासारखा रंग यावा म्हणून पूर्वी ती दगडांबरोबर घुसळीत. ते काम आता विकर करू लागले. तरुणांच्या अंगावरील मुद्दाम जुनाट केलेल्या विजारीमागे आफ्रिकेच्या चिखलातील जिवाणू असू शकतो, हे किती जणांना ठाऊक असेल? २००४ मध्ये केनियाच्या वन्यजीव सेवेने जाहीर तक्रार केली की या व्यापारातून आपल्या देशाच्या पदरी काही पडले नाही. नमुने नेण्याचा परवाना कोणता होता आणि तो पुरेसा होता की नाही, याविषयी उभय पक्षांचे मतैक्य झाले नाही. तथापि या वादाचा एक परिणाम दिसला. २००७ साली त्याच वन्यजीव सेवेने डेन्मार्कच्या नोव्होझाइम्स कंपनीशी करार केला आणि त्यात लाभातील वाटा व प्रशिक्षण यांच्या अटी आधीच लिहून घेतल्या.

अमेरिकेचीही कथा वेगळी नाही, हे सांगितले नाही तर हा गरीब-श्रीमंत देशांचा नेहमीचा वाद वाटेल. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील उकळत्या झऱ्यात सापडलेल्या, १९६९ साली वर्णन केलेल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचे विकर पी.सी.आर. या तंत्राचा आधार बनले. करोनाच्या साथीत ज्याच्या निकालाची आपण धास्तीने वाट पाहिली ती चाचणी याच तंत्राची. १९९१ साली या तंत्राचे हक्क तीस कोटी डॉलरना विकले गेले. जो झरा त्या जिवाणूने वास्तव्यासाठी निवडला त्या उद्यानाच्या तिजोरीत त्यातील एक डॉलरही आला नाही. जिवाणू शोधणाऱ्या थॉमस ब्रॉक यांनी तो सार्वजनिक संग्रहात ठेवला होता. तेथून तो कोणालाही मिळत होता. शास्त्राच्या रीतीने त्यांनी केले ते योग्यच होते. पण रीत आणि न्याय या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या नाहीत.

आपल्याकडे कायदा आहे. १९९२ च्या जैवविविधता कराराला अनुसरून २००२ साली जैवविविधता अधिनियम झाला. त्यानुसार परकीय व्यक्तीस किंवा संस्थेस येथील जैविक साधन नेण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची अनुमती लागते आणि त्यावर आधारलेले पेटंट घेण्यापूर्वीही लागते. जिवाणू हे जैविक साधन आहे, याविषयी कायद्यात संदिग्धता नाही. राज्याचे मंडळ नागपुरात आहे, स्थानिक पातळीवर समित्या स्थापण्याची तरतूद आहे. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र कैदेच्या शिक्षा रद्द होऊन त्यांच्या जागी दंड आला. उद्योगांना सुलभता हवी हे मान्य. परंतु ज्या वस्तूची चोरी खिशातल्या बाटलीतून होऊ शकते तिच्याबाबतीत केवळ दंडाचा धाक कितपत पुरेल, याविषयी प्रस्तुत लेखक साशंक आहे.

त्याहून अवघड गोष्ट ही की आता बाटलीचीही गरज उरलेली नाही. जिवाणूच्या जनुकांचा अनुक्रम संगणकाच्या भांडारात जाहीर होतो. तो वाचून दूरदेशीच्या प्रयोगशाळेत तेच जनुक कृत्रिम रीतीने बनविता येते आणि लोणारची एक चिमूट माती न हलविता लोणारचे विकर तयार होते. या प्रश्नावर बरीच वर्षे खल होऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘काली निधी’ स्थापन झाला. अशा माहितीचा लाभ घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा एक दशांश टक्का त्यात द्यावा, अशी अपेक्षा आहे. ‘अपेक्षा’ हा शब्द येथे वाचकांनी अधोरेखित करावा, सक्ती नाही.

पण सगळा दोष परक्यांवर टाकून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लोणारच्या जिवाणूंवर आपल्या विद्यापीठांत, महाविद्यालयांत पुष्कळ काम झाले आहे. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी येथून नवी प्रजातीच नव्हे तर नवे कुळ शोधले आणि त्याला ‘सेसेंबिया लोनारेन्सिस’ असे नाव दिले. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांतून पहिला शब्द आणि गावाच्या नावातून दुसरा. असे काम अभिमानास्पद आहे. मात्र त्याच्या आजूबाजूला जे होते ते पाहिले म्हणजे मन खिन्न होते. दर हिवाळ्यात पदव्युत्तर वर्गाची मुले बस करून लोणारला येतात, बाटल्या भरून चिखल नेतात, प्रोटिएज देणारा जिवाणू वेगळा करतात, सामू दहाला तो काम करतो असा आलेख काढतात, प्रबंधिका बांधून होते, गुण मिळतात. आणि जिवाणू? एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रस्तुत लेखकाने शीतकपाटाच्या तळाशी अशा पन्नासएक नळ्या पाहिल्या. चिठ्ठ्यांवरील शाई ओलाव्याने पसरली होती, माध्यम वाळून तडकले होते. उन्हाळ्यात वीज दोन दिवस नव्हती, असे परिचराने सांगितले. कोणत्या नळीत काय होते ते सांगणारा विद्यार्थी केव्हाच एका औषध कंपनीत रुजू झाला होता.

हे टाळता येण्याजोगे आहे, म्हणूनच अधिक बोचते. पुण्यात २००९ पासून राष्ट्रीय पातळीवरचा सूक्ष्मजीव संग्रह आहे. पेटंटासाठी ठेव म्हणून जिवाणू स्वीकारण्याचा आंतरराष्ट्रीय दर्जा त्याला २०११ मध्ये मिळाला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संग्रह त्याहून जुना आहे. चंदिगडलाही असा संग्रह आहे. जिवाणू तेथे गोठवून वाळविलेल्या स्थितीत वर्षानुवर्षे टिकतात आणि मुख्य म्हणजे तो कोठून, केव्हा आणला याची नोंद राहते. उद्या लाभाचा वाटा मागायचा झाला तर आपल्या हाती पुरावा म्हणून हीच नोंद असणार. ठेवीची पावती जोडल्याखेरीज असा प्रबंध स्वीकारू नये, एवढा एक नियम विद्यापीठांनी केला तर त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. आमच्या शिक्षक वाचकांपैकी अनेक जण अभ्यासमंडळांवर असतील. त्यांनी हा विषय सभेपुढे ठेवावा.

आणि ज्याच्यावर हे सर्व अवलंबून आहे त्या सरोवराचे काय? नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. अभयारण्याचा दर्जा आधीपासून होताच. परंतु अभयारण्य म्हटले की वनखात्याच्या डोळ्यांपुढे बिबट्या आणि मोर येतात. जिवाणूला कुंपण घालता येत नाही. त्याचे कुंपण म्हणजे पाण्याचा सामू आणि खारटपणा. गावाचे सांडपाणी विवरात उतरते ही तक्रार जुनी आहे, न्यायालयापर्यंत गेलेली आहे. सांडपाण्याबरोबर गोडे पाणी येते, नत्र आणि स्फुरद येते, साबण येतो. पाणी सौम्य होत गेले की क्षारप्रिय जिवाणूंची जागा गटारातील सामान्य जिवाणू घेतात. ते कोणत्याही गावाच्या डबक्यात मिळतात. त्यांच्यासाठी लोणारला येण्याची कोणाला गरज नाही. काठावर एकही झाड न तोडता, एकही पक्षी न मारता हे सरोवर असे संपू शकते आणि त्या दिवशी ते पूर्वीपेक्षा अधिक स्वच्छ व सुंदर दिसेल. कदाचित मासेही दिसतील आणि लोक त्याला सुधारणा म्हणतील!

म्हणून लोणारच्या पाण्याचा सामू आणि क्षारता महिन्यातून एकदा मोजून तिचा आकडा गावात, नगरपरिषदेच्या दारावरील फळ्यावर लिहिला जावा. हे काम तेथील शाळेच्या दहावीच्या मुलांना सहज करता येण्याजोगे आहे. स्थानिक जैवविविधता समितीच्या नोंदवहीत झाडे, पाखरे, वनौषधी यांच्या जोडीने एक पान त्या काळ्या चिखलासाठी राखून ठेवावे आणि जो कोणी बाटली भरून नेईल त्याचे नाव, तारीख आणि संस्था त्या पानावर लिहून घ्यावी. बाटली पुण्याला जाणार असो की परदेशी.